रबर घट्ट झालं, पण नक्की कोणी केलं? प्लॅटिनम, सिलिकोन आणि बेचाळीस वर्षं चाललेला एक प्रश्न

मायक्रोफ्लुइडिक्स किंवा बायोमेडिकलच्या लॅबमध्ये तुम्ही महिनाभर जरी प्रोजेक्ट केला असेल, तरी सिलगार्ड १८४ हे नाव तुमच्या ओळखीचं असणार. मोठ्या बाटलीतलं दहा भाग, छोट्या बाटलीतलं एक भाग, काडीने नीट घोटायचं, डेसिकेटरमध्ये बुडबुडे काढायचे आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. काही तासांनी पारदर्शक, लवचिक रबर तयार. छोट्या बाटलीवर 'क्युरिंग एजंट' लिहिलेलं असतं, त्यामुळे बहुतेकांना वाटतं की घट्ट करणारा उत्प्रेरक तिच्यातच आहे. प्रत्यक्षात उत्प्रेरक मोठ्या बाटलीत असतो आणि तो असतो प्लॅटिनमचा. प्रमाण इतकं कमी की डोळ्यांना काही दिसत नाही. अशा रबरात प्लॅटिनम साधारण ५ ते २० पीपीएम एवढंच घालतात.

आता एक प्रश्न, जो मुलाखतीत कोणी विचारला तर भल्याभल्यांची दांडी उडते. रबर घट्ट होत असताना काम करणारा रेणू नक्की कोणता? बाटलीत घातलेलं प्लॅटिनमचं संयुग? की त्याच्यापासून तयार झालेलं दुसरंच काहीतरी? या प्रश्नाचं उत्तर मिळायला १९५७ पासून १९९९ पर्यंतचा काळ गेला. या सगळ्या काळात कारखाने मात्र थांबले नव्हते. मला हा इतिहास तुम्हाला सांगायचा आहे तो यासाठी, की रसायनशास्त्राच्या पुस्तकात उत्प्रेरकाचं सूत्र बाणाच्या वर छापलेलं असतं आणि आपण ते खरं मानून पुढे जातो.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. मूलद्रव्य ते सिलिकॉन आणि त्याचं रबर ते सिलिकोन. हे दुसरं नाव इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलं. कीटोनमध्ये कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध असतो, तसाच इथे सिलिकॉनचा असेल अशी त्यामागची कल्पना होती. तसा बंध तिथे नसतो, असते ती सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. किपिंग यांनी सुमारे चाळीस वर्षं या संयुगांवर काम केलं. त्यांच्या भांड्यात जे चिकट, तेलकट पदार्थ उरत, त्यांचा त्यांना त्रासच होई. १९३७ मध्ये छापून आलेल्या बेकरियन व्याख्यानात या शाखेत लवकर काही मोठी प्रगती होईल असं दिसत नाही, असं मत त्यांनी मांडलं. तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोचो यांनी तांब्याच्या सान्निध्यात सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइडची वाफ सोडली आणि सिलिकोनचा कच्चा माल थेट तयार करून दाखवला. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली. युद्ध चालू होतं, विमानांना उष्णता आणि थंडी दोन्ही सोसणारा माल हवा होता, आणि ते चिकट तेलच आता कामाचं ठरलं.

पण तेल म्हणजे रबर नव्हे. सिलिकोनच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात, म्हणून तो पदार्थ वाहतो. त्याचं रबर करायचं तर साखळ्यांना मधूनमधून एकमेकींशी गाठी मारायला हव्यात. यालाच क्रॉसलिंकिंग म्हणतात. सुरुवातीला हे काम बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या पेरॉक्साइडने करायचे. तापवलं की पेरॉक्साइड फुटतो, त्याचे मुक्त मूलक साखळीवरच्या मिथाइल गटातला हायड्रोजन ओढून घेतात आणि उरलेली टोकं एकमेकांना जोडली जातात. पद्धत चालायची, आजही चालते. पण उष्णता भरपूर लागते आणि पेरॉक्साइडचे अवशेष रबरात राहतात. ते घालवायला तयार वस्तू पुन्हा तासन्‌तास भाजावी लागते. दुसरी वाट कथिलाच्या संयुगांची. तिथे खोलीच्या तापमानाला काम होतं, पण गाठ बसताना अल्कोहोलसारखा छोटा रेणू बाहेर पडतो आणि तो उडून गेला की वस्तू आकसते. साच्यासाठी किंवा दाताच्या मापासाठी हे आकसणं महागात पडतं.

मग अशी अभिक्रिया हवी ज्यात बाहेर काहीच पडणार नाही. ती कागदावर होतीच. १९४७ मध्ये सॉमर, पीट्रुशा आणि व्हिटमोर या तिघांनी ट्रायक्लोरोसिलेन आणि १-ऑक्टीन पेरॉक्साइडच्या मदतीने जोडून दाखवले होते. सिलिकॉनला जोडलेला हायड्रोजन आणि कार्बन-कार्बन दुहेरी बंध समोरासमोर आले. हायड्रोजन एका कार्बनवर गेला, सिलिकॉन दुसऱ्यावर. झालं. एकही अणू वाया नाही. याला हायड्रोसिलिलेशन म्हणतात. १९५३ मध्ये युनियन कार्बाइडच्या जॉर्ज वॅग्नर यांच्या पेटंटमध्ये यासाठी कोळशावर बसवलेलं प्लॅटिनम आलं.

आणि १९५७ मध्ये आला तो पेपर, ज्याने सगळं बदललं. डाऊ कॉर्निंगसाठी काम करणारे जॉन स्पायर आणि त्यांचे सहकारी वेबस्टर आणि बार्न्स यांनी क्लोरोप्लॅटिनिक आम्ल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलं आणि त्याचे जेमतेम काही थेंब वापरले. अभिक्रिया इतक्या जोरात झाली की सांभाळणं हाच प्रश्न व्हावा. त्या पेपरमधलं एक निरीक्षण तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे. दुहेरी बंध साखळीच्या मधे असलेलं २-पेंटीन घेतलं, तरी सिलिकॉन जाऊन बसलं साखळीच्या टोकाच्या कार्बनवर. म्हणजे वाटेत दुहेरी बंध सरकला होता. प्लॅटिनम नुसतं दोघांची गाठ घालून देत नव्हतं, रेणूशी काहीतरी जास्त जवळचा व्यवहार करत होतं.

हा व्यवहार कसा असेल याचं पहिलं नीटस चित्र १९६५ मध्ये चॉक आणि हॅरॉड यांनी काढलं. दोघेही जनरल इलेक्ट्रिकच्याच प्रयोगशाळेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्लॅटिनमचा अणू आधी सिलिकॉन-हायड्रोजन बंधात शिरतो आणि दोघांना आपल्या दोन बाजूंना धरतो. मग दुहेरी बंधाचा रेणू येऊन बसतो आणि प्लॅटिनम-हायड्रोजन बंधात घुसतो. शेवटी सिलिकॉन आणि कार्बन एकमेकांना जोडले जाऊन बाहेर पडतात आणि प्लॅटिनम पुन्हा मोकळं. मधली पायरी उलटसुलट होऊ शकते, म्हणून दुहेरी बंध सरकतो. स्पायर यांच्या २-पेंटीनचं कोडं सुटलं. नेट किंवा गेटचा अभ्यास करताना हे चक्र तुम्ही पाठ केलं असेलच.

पण या चक्रात दोन गोष्टी बसत नव्हत्या. एक म्हणजे सुरुवातीचा शांत काळ. सगळं मिसळल्यावर काही वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम भांडं तापायला लागतं. दुसरी म्हणजे ऑक्सिजन. थोडी हवा असेल तर काम बरं चालतं, ही गोष्ट करणाऱ्यांच्या हाताला ठाऊक होती. कारण कोणाला सांगता येत नव्हतं. शिवाय अभिक्रिया संपत आली की द्रावण पिवळं, मग तपकिरी व्हायचं. हे काय चाललंय?

उद्योगाला उत्तराची वाट बघायची गरज नव्हती. स्पायर यांचं द्रावण आम्लधर्मी, क्लोराइडवालं आणि सिलिकोन तेलात नीट न मिसळणारं. जनरल इलेक्ट्रिकच्या ब्रूस कार्स्टेट यांनी तेच क्लोरोप्लॅटिनिक आम्ल एका छोट्या सिलिकोन रेणूबरोबर वापरलं. या रेणूच्या दोन्ही टोकांना व्हिनिल गट, म्हणजे दुहेरी बंध. खाण्याच्या सोड्याने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटने, क्लोराइड काढून टाकलं. जे उरलं ते तेलात सहज विरघळणारं, क्लोराइड जवळजवळ नसलेलं आणि फार चपळ. पेटंट १९७३ चं. आज 'कार्स्टेट कॅटॅलिस्ट' म्हणून जी बाटली येते ती हीच. आणि गंमत बघा, या संयुगाची स्फटिकरचना क्ष-किरणांनी ठरवली गेली १९९१ मध्ये, इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात लॅपर्ट यांच्या गटात. दोन प्लॅटिनम अणू, तीन व्हिनिल रेणू, त्यातला एक दोन्ही अणूंना पुलासारखा जोडणारा. म्हणजे अठरा वर्षं जग एक पदार्थ टनावारी मालात घालत होतं, ज्याचा 'फोटो' कोणी काढला नव्हता.

इथे एक व्यावहारिक अडचणही सोडवावी लागली. उत्प्रेरक इतका चपळ की मिसळल्या मिसळल्या माल भांड्यातच घट्ट व्हायचा. त्यावर डाऊ कॉर्निंगच्या दोघांनी १९६९ च्या पेटंटमध्ये उपाय दिला तो तिहेरी बंध असलेल्या अल्कोहोलचा. हा रेणू प्लॅटिनमला पकडून बसतो आणि गार असताना सोडत नाही. तापवलं की सुटतो, उडून जातो, आणि प्लॅटिनम कामाला लागतं. काही मिनिटांत घट्ट होणारं आणि तरीही कपाटात टिकणारं रबर मिळतं ते यामुळे. तान्ह्या बाळाच्या बाटलीची सिलिकोनची बोंडी साच्यात पटापट निघतात त्यामागे हाच पकडण्या-सोडण्याचा खेळ आहे.

सगळेच पाहुणे असे वेळेवर उठून जात नाहीत. गंधक, अमाइन्स आणि कथिलाची काही संयुगं प्लॅटिनमला धरली की सोडतच नाहीत. १९८० च्या दशकात एड्सच्या साथीनंतर दंतवैद्य हातमोजे सर्रास वापरू लागले, आणि दाताचं माप घेण्याचं प्लॅटिनमवालं सिलिकोन घट्टच होईना. लॅटेक्सचा मोजा बनवताना वापरलेली गंधकाची संयुगं बोटांवाटे त्या गोळ्यात जात होती. तुम्ही पीडीएमएस करताना वरचा थर चिकट राहिला, तर आधी हातातले मोजे बघा. मग ज्या साच्यात ओतलंत तो साचा. कितीतरी लोक ओव्हनचं तापमान वाढवत बसतात. विषबाधा झालेल्या प्लॅटिनमला जास्त उष्णतेने फारसा फरक पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

१९८६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये लॅरी लुईस आणि नेथन लुईस यांचा पेपर आला. पत्ता पुन्हा जनरल इलेक्ट्रिकचाच. त्यांनी दाखवलं की प्लॅटिनमचं संयुग आणि सिलेन एकत्र आले की प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे कलिल, तयार होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कण दिसले. त्यांचा निष्कर्ष असा की कलिल तयार होणं हीच या अभिक्रियेतली आवश्यक पायरी आहे. विचार करा, यात किती गोष्टी एकदम बसतात! सुरुवातीचा शांत काळ म्हणजे कण तयार व्हायला लागणारा वेळ. पिवळा-तपकिरी रंग म्हणजे कणांचा रंग. चॉक-हॅरॉडचं एकट्या अणूचं चक्र मग सरळ बाजूला पडतं. एका प्रश्नाला दिलेलं उत्तर दुसऱ्या दोन कोड्यांवरही चालत असेल, तर कोणालाही ते खरं वाटेल. मी तिथे असतो तर मलाही वाटलं असतं.

फट कुठे होती? साध्या जागी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना कोरडा करून, निर्वातात ठेवावा लागतो. तुम्ही बघता ते अभिक्रियेनंतर उरलेलं, सुकवलेलं. ते कण काम चालू असतानाही द्रावणात होते का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि होते असं धरलं, तरी काम तेच करत होते का, हा त्याहून वेगळा. आपल्याकडे अनेक प्रबंधांत आजही 'अभिक्रियेनंतरचा टीईएम' दाखवून उत्प्रेरकाबद्दल विधानं केलेली दिसतात. असा पेपर वाचताना पेन्सिलने बाजूला प्रश्नचिन्ह काढायची सवय लावून घ्या.

द्रावण न सुकवता, चालू अवस्थेत, प्लॅटिनमच्या शेजारी कोण बसलंय हे बघण्याची एक रीत आहे. तिचं नाव एक्झाफ्स. सिंक्रोट्रॉनमधून आलेले क्ष-किरण प्लॅटिनमच्या अणूत शोषले जातात, तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो, त्याची लाट शेजारच्या अणूंवर आपटून परत येते, आणि शोषणाच्या आलेखावर बारीक तरंग उमटतात. त्या तरंगांवरून शेजारी कोणत्या मूलद्रव्याचा आहे आणि किती अंतरावर आहे हे काढता येतं. धातूरूप प्लॅटिनममध्ये एका अणूपासून दुसरा २.७७ अँगस्ट्रॉमवर असतो. म्हणजे कलिल असेल तर त्या अंतरावर प्लॅटिनमला प्लॅटिनमचा शेजार दिसायलाच हवा.

१९९९ मध्ये जुडिथ स्टाइन, लुईस, गाओ आणि स्कॉट यांचा पेपर त्याच जर्नलमध्ये आला. हो, यातले लुईस म्हणजे १९८६ चेच लॅरी लुईस. काम चालू असताना घेतलेल्या मोजमापांत, प्रत्येक टप्प्यावर, प्लॅटिनम एकटं होतं. त्याच्या अगदी जवळच्या वर्तुळात फक्त सिलिकॉन आणि कार्बन. प्लॅटिनमला प्लॅटिनमचा शेजार दिसायचा तो शेवटी, आणि तोसुद्धा सिलेन जास्त उरलं तर. दुहेरी बंधाचा रेणू जास्त असेल तर शेवटीही प्लॅटिनम-कार्बन बंधच. ज्या कणांना कर्ता समजलं होतं, ते काम संपल्यावर उरलेले अवशेष निघाले. ऑक्सिजनचं कोडंही सुटलं: दुहेरी बंधाचा रेणू प्लॅटिनमला नीट धरून ठेवणारा नसेल तेव्हा प्लॅटिनमचे अणू एकत्र गोळा व्हायला लागतात, आणि ऑक्सिजन ते गोळे फोडतो.

आपल्याच नावावर असलेलं, भरपूर उद्धृत झालेलं विधान तेरा वर्षांनी त्याच जर्नलमध्ये, आपलंच नाव लेखकांत ठेवून बदलणं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात धीराचं काम वाटतं. यात नाट्य काही नाही. नवीन उपकरण हाती आलं, जुना प्रश्न पुन्हा विचारला, उत्तर वेगळं आलं, छापलं. पण तुम्ही गाईड निवडताना त्यांच्या पेपरांच्या यादीत असं काही सापडतं का ते जरूर बघा.

एक्झाफ्स ऐकून 'हे आपल्याकडे कुठे' असं वाटत असेल तर इंदूर लांब नाही. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, त्यावर एक्झाफ्सच्या बीमलाइन आहेत आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना अर्ज करून वेळ मिळते. रिसर्च प्रपोजल लिहिताना 'उत्प्रेरकाची चालू अवस्थेतली रचना तपासणार' असं वाक्य लिहाल, तर त्याखाली कोणत्या उपकरणावर तेही लिहा. समितीतले लोक नेमकं तेच शोधत असतात.

या उत्तराने कारखान्यात काय फरक पडला? कलिल म्हणजे मेलेलं प्लॅटिनम हे कळल्यावर, ते होऊ न देणारे आधार-रेणू शोधण्याला दिशा मिळाली. २००२ मध्ये बेल्जियमच्या लूव्हाँ विद्यापीठातल्या इस्तव्हान मार्को यांच्या गटाने कार्बीन नावाच्या रेणूंनी प्लॅटिनमला धरून ठेवलं. कलिल झालं नाही आणि नको असलेली उप-उत्पादनंही कमी झाली. पण प्लॅटिनम ते प्लॅटिनमच. १० पीपीएम धरलं तर ५० ग्रॅमच्या रबरात ते अर्धा मिलिग्रॅम असतं, आणि क्रॉसलिंक झालेल्या जाळ्यातून ते परत काढणं परवडत नाही. तुमची चिप कचऱ्यात गेली की ते प्लॅटिनमही गेलं. जगभरचा हिशोब केला तर दर वर्षी काही टन.

म्हणून लोखंड. २०१२ मध्ये प्रिन्स्टनचे पॉल चिरिक आणि मोमेंटिव्ह कंपनी (म्हणजे पूर्वीचा जनरल इलेक्ट्रिकचाच सिलिकोन विभाग) यांनी मिळून 'सायन्स'मध्ये लोखंडाचे उत्प्रेरक जाहीर केले. टोकाच्या कार्बनवरच सिलिकॉन बसवण्यात ते प्लॅटिनमपेक्षा काकणभर सरस होते. अडचण एकच, पण मोठी. ती संयुगं हवेत टिकत नाहीत, ग्लव्हबॉक्समध्ये हाताळावी लागतात. आणि सिलिकोनचा कारखाना चालतो उघड्यावर, ड्रममध्ये, पंपाने. प्लॅटिनमला थोडा ऑक्सिजन मदत करतो. या लोखंडाला तोच मारतो.